सेवामुक्त

तळेगव्हाण,
रविवार, १४ ऑगस्ट १९६६

डोमाजी,

गेल्या मंगळवारी सकाळी मी तुझ्या बहिणीच्या हातून वानोळा घेतला. पूजेची फुलं तोडून अंगणात उभा होतो. माणिकबाई फाटक लोटून आत आली आणि पदरातल्या बरबटीच्या शेंगा अन् दोन वाळकं तिने ओट्यावर ठेवली.

"जानरावभाऊ, केलंच तुमी माह्यं काम," ती म्हणाली. "काल हुकूम भेटला. कोनाले वाचाले नाई सांगतलं, मीच वाचला. बोट ठेवू ठेवू वाचला. सेवामुक्त!"

मी म्हटलं, "बसा."

"बसत नाई. रांजण भराचा हाये."

आणि ती गेली. आमच्या इंदूबाईने त्या शेंगांची भाजी केली. मी जेवलो.

तू म्हणशील, यात पत्र लिहिण्यासारखं काय झालं? दहा वर्षांत आपण एकमेकांना ओळ लिहिली नाही. छप्पन साली तू मला नुसतं बघायला म्हणून नागपूरला बोलावलं होतंस. येतो म्हणालो आणि आलो नाही. तेव्हापासून तू अकोल्याच्या मालधक्क्यावर आणि मी इथल्या नगरपालिकेत, मधे एवढंसं अंतर, पण बोलणं तुटलं. आज मात्र तुझ्याशिवाय कोणाला सांगावं ते कळत नाही.

माणिकबाईच्या वाचण्यात चूक झाली आहे. तिची नोकरी गेली आहे.

ती शाळा नंबर दोनमध्ये मुलांना पाणी द्यायच्या कामावर आहे, हे तुला ठाऊकच आहे. दोन वर्षांपूर्वी तिथल्या हेडमास्तरांनी तिच्याकडून अंगण झाडून घ्यायला आणि संडास धुऊन घ्यायला सुरुवात केली. "शाळेची सेवा समजून करत जा," असं म्हणाले. तेव्हापासून ती त्या कामाला 'सेवा'च म्हणते. या फेब्रुवारीत ती माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली, तेव्हा मीही तिचाच शब्द लिहिला. पाणी देणे हे माझे काम आहे, झाडझूड व संडास धुणे ही सेवा माझ्याकडून काढून घ्यावी. अर्ज तसाच पडून राहिला. आणि आता हुकूम आला त्यात सेवामुक्त. तिने जो अर्थ लावला तो दुसऱ्या कोणीही तिच्या जागी लावला असता.

शब्द माझा आहे. पूर्वी इंग्रजीतला छापील फॉर्म असे, त्यात दोन ओळींत माणूस संपे. या वर्षीपासून हुकूम मराठीत काढायचं ठरलं आणि मसुदे माझ्याकडे आले. 'आपण नऊ वर्षे निष्ठेने केलेल्या कार्याची नगरपालिका आदराने नोंद घेत असून आपणांस दि. १ ऑगस्टपासून सेवामुक्त करण्यात येत आहे', असं मी लिहिलं. आमचे अध्यक्ष वामनराव हसून म्हणाले, "वा जानराव! हे वाचून तं माणूस सत्काराचंच समजीन." सहीला आठवडा गेला, म्हणून हुकूम तिच्या हाती आठ तारखेला पडला.

काटकसर करणं भाग होतं, हे तुला पटेल. गेल्या साली पाऊस नाही, कापूस नाही, म्हणून नाक्यावर जकात नाही. लढाईपासून सरकारचं अनुदान आटलं. जूनमध्ये रुपयाची किंमत उतरवली आणि दिव्यांच्या तेलापासून कागदापर्यंत सगळं महागलं. चांदण्या रात्री रस्त्यावरचे दिवे लावायचे नाहीत असं ठरवलं. वाचनालयाची पाच वर्तमानपत्रं होती, त्यातलं एक ठेवलं. मग दोन शाळांना दोन पाणी देणारे कशाला, एक पुरेल, असं निघालं. त्यात ती गेली.

ती अजून रोज कामावर येते. तू तिचा सख्खा भाऊ आहेस. एकदा येऊन तिला नीट समजावून सांग. तुझ्या तोंडून तिला कमी लागेल.

जानराव


तळेगव्हाण,
रविवार, ४ सप्टेंबर १९६६

डोमाजी,

तू आला नाहीस, उत्तरही नाही. पत्र मिळालं नसेल असं मी दोन आठवडे स्वतःला सांगत होतो. आमच्या पोस्टमास्तरांनी सांगितलं की अकोल्याचं टपाल बुडत नाही.

आता समजावण्यासारखं काही उरलेलं नाही. गुरुवारी पगार होता.

आमच्याकडे पगार व्हरांड्यात होतो. भगवंत खजिनदार टेबल टाकून बसतो, एकेकाचं नाव पुकारतो आणि अंगठा किंवा सही घेतो. माणिकबाई सही करते म्हणून तिचा नंबर आला की बाकीचे तिला चिडवतात, "आल्या बालिस्टरीन बाई!" त्या दिवशीही चिडवलं. ती हसत टेबलापाशी गेली. भगवंतने पान वरखाली पाहिलं.

"बाई, तुमचं नाव नाई याच्यात."

"नाव नाई म्हंजे? मी तं हाओ ना समोर."

"हाये, पण पगारात नाई."

"काल सांजलोक पाणी पाजलं मी पोरायले. पुसा मास्तरले. नाई तं जानरावभाऊले पुसा. थ्यायनं माह्यं काम केलं."

मी कपाटाआड एक फाईल शोधत होतो. कुठलीच फाईल शोधत नव्हतो. भगवंतने हाक मारली तेव्हा बाहेर यावं लागलं. रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "माणिकबाई, त्या हुकमाचा अर्थ तसा नव्हता."

"मंग कसा होता? मुक्त म्हंजे काय?"

"म्हणजे काम नाही."

"कोनतं? झाडाचं?"

"कोणतंच नाही."

रांगेतला कोणीतरी म्हणाला, "रुपयाचा भाव उतरला न् बापा, माणसाचाही उतरला." मग ती माझ्या जवळ आली आणि हळू आवाजात, जणू माझीच अब्रू झाकत, म्हणाली, "असं गोड काहून लिह्यलं मंग? कडू लिहाचं होतं. मले समजलं असतं."

ऑगस्टभर ती पाणी भरत होती हे मी माझ्या खिडकीतून रोज पाहत होतो. आमची कचेरी आणि शाळा नंबर दोन एकाच आवारात आहे, तूही पाहिलं आहेस. विहिरीपासून रांजणापर्यंत कमरेवर पाण्याची गुंडी घेऊन तिच्या खेपा चालत. हेडमास्तरांना हुकमाची नक्कल गेली होती. तेही बोलले नाहीत. फुकटात पाणी भरलं जात होतं. मी मात्र फुकटाचा विचार केला नव्हता. मी रोज सकाळी ठरवत होतो की आज सांगेन, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला मारुतीच्या देवळात बसून उद्यावर टाकत होतो. देवासमोर बसून माणूस किती गोष्टी पुढे ढकलू शकतो, याचा मला या महिन्यात अनुभव आला.

एक गोष्ट मागच्या पत्रात नीट लिहिली नव्हती. दोघांतला एक ठेवायचा, तर मागून आलेला आधी जावा, असा नियम आहे. दुसरा पाणीवाला नत्थुजी, नंबर एकच्या शाळेतला, एकसष्ट साली लागला. माणिकबाई सत्तावन्नची. नियमाने नत्थुजी जायला हवा होता.

सभेत मी नियम वाचून दाखवला. कापसाचे अडते असलेले एक सभासद पान चघळत म्हणाले, "नियम हाये तं हाये. पण पाण्याचं काम. लोकायच्या सोयीचा मानूस ठेवा." तेवढंच म्हणाले. सोय कसली, हे कोणी विचारलं नाही. काही घरची मुलं शाळेत येताना बाटलीत पाणी घेऊन येतात हे सगळ्यांना माहीत होतं. वामनराव माझ्याकडे वळले. "बडे बाबू, काही मार्ग काढा. तुमी काढतातच."

आणि मी मार्ग काढला. माणूस काढायचा नाही, पद काढायचं. शाळा नंबर दोनच्या आवारात विहीर आहे, म्हणून त्या शाळेतलं पाणी देणाऱ्याचं पद रद्द. नंबर एकचं पद राहतं, त्यावर नत्थुजी आपोआप राहतो. नियम मोडत नाही आणि कोणाला काही बोलावंही लागत नाही. सभासदांनी माना डोलावल्या. मला त्या क्षणी बरं वाटलं, डोमाजी. अवघड गणित सुटल्यासारखं वाटलं.

तिच्या महिन्याभराच्या कामाचे पैसे मी माझ्याकडून देऊ केले. तिने घेतले नाहीत. जाताना "येतो बाबूजी" म्हणाली. भाऊ म्हणाली नाही.

जानराव


तळेगव्हाण,
रविवार, ९ ऑक्टोबर १९६६

डोमाजी,

तू उत्तर देणार नाहीस हे आता मी धरून चाललो आहे. तरी लिहितो. उत्तर येणार नाही म्हटल्यावर लिहायला सोपं जातं.

सप्टेंबरच्या मध्यावर हेडमास्तरांकडून मागणी आली. 'शाळेतील जुना रांजण झिरपत असल्याने नवीन रांजण मिळावा.' सोबत असंही होतं की विहिरीवर लहान मुलांना पाठवणं धोक्याचं असल्याने नत्थुजीला दुपारनंतर आमच्याकडे पाठवावं. दोन्ही मागण्या मंजूर झाल्या. वाचनालयात एका वर्तमानपत्रावर सगळं गाव वाकून बसतं, पण रांजणाला नकार आला नाही. त्या कागदावर तपासणीची सही माझी आहे.

जुना रांजण झिरपत नाही. रांजण थोडा पाझरतो म्हणूनच पाणी गार राहतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तो रांजण आता कोंडवाड्यात नेऊन ठेवला आहे. चुकार गुरं धरून आणतात, ती त्यातून पाणी पितात.

नवा रांजण ज्या दिवशी पुरला त्या दिवशी कोणीही, अगदी कोणीही, त्याबद्दल काही बोललं नाही. मीसुद्धा नाही.

काल शनिवारी शाळेचं जडसामान तपासायला मी गेलो होतो. या दिवसांतलं ऊन तुला माहीत आहे. बाकं मोजता मोजता घसा सुकला. नत्थुजी रांजणापाशी बसला होता. त्याने ओगराळ्याने पाणी काढून पेला पुढे केला आणि मी बोलता बोलता तो रिकामा केला. आणखी एक घेतला. हेडमास्तर माझ्याबरोबर होते. ते मनापासून खूश झाले.

"वा! मी आल्यापासून आज पह्यल्यांदा आमच्या शाळेचं पाणी पेले बडे बाबू. नाई तं तुमचा गडवा तुमच्यासंगच राहते."

त्यांच्या मनात काही नव्हतं. ते पाहुणचाराचं बोलले.

डोमाजी, मी घरून पाण्याचा गडवा नेतो. इंदूबाई रोज भरून देते. सगळी कचेरी शाळेच्या रांजणाचं पाणी पिते, मी माझ्या गडव्यातलं पितो. कोणी विचारलं तर, पोटाला बाहेरचं पाणी चालत नाही म्हणतो. इतक्या वेळा म्हटलं आहे की मलाही ते खरं वाटू लागलं होतं. काल परत येऊन खुर्चीत बसलो आणि गडवा कधीपासून आणतो ते आठवून पाहिलं. त्याआधी दहा-बारा वर्षं मी त्याच शाळेचं पाणी पीत होतो. सत्तावन्न साली माणिकबाई लागली. तिचा अर्ज मी लिहिला होता, तेव्हाच्या अध्यक्षांना भेटून तिची बाजूही मांडली होती. 'आमच्या गावात बौद्ध बाई सगळ्या मुलांना पाणी देते' हे मी अमरावतीच्या लोकांना मोठ्या अभिमानाने सांगत आलो आहे. आणि त्याच उन्हाळ्यापासून माझा गडवा सुरू झाला.

मी ते ठरवून केलं नव्हतं. ठरवलं असतं तर निदान स्वतःशी भांडलो तरी असतो.

आपण कवठ्याच्या शाळेत होतो तेव्हा तू हात ओंजळीसारखे धरून उभा राहायचास आणि मी वरून पाणी ओतायचो. बाकीची पोरं ओतत नसत, मी ओततो, म्हणून मला वाटे की मी तुझा खरा मित्र. वरून का ओततो, हे आठ वर्षांच्या पोराला सुचलं नसेल, मान्य. मी येत्या माघात पन्नासचा होईन.

ज्यांची मुलं बाटल्या आणतात ते सभासद आणि गडवा आणणारा हेडक्लार्क यांत काय फरक? ते सोय म्हणाले. मी तेही म्हणालो नाही.

माणिकबाई दसऱ्याला नागपूरला जाणार आहे असं कळलं. दीक्षेला दहा वर्षं झाली म्हणून. तूही तिथे असशील.

जानराव


तळेगव्हाण,
रविवार, २० नोव्हेंबर १९६६

डोमाजी,

तुझं अक्षर पाहिलं. अमरावतीच्या कलेक्टर कचेरीतून आमच्याकडे 'अभिप्रायार्थ' आलेल्या अपिलावर. खाली सही माणिकबाईची, पण वरचं अक्षर तुझं. 'र'ची शेपूट अजून तशीच काढतोस. सेवाज्येष्ठता, नवा रांजण, नत्थुजीला दुपारी तिकडे पाठवणं, सगळं क्रमाने मांडलं आहेस. माझ्या पत्रांतलं एक अक्षरही तू त्यात वापरलं नाहीस. वापरलं असतंस तर मला सुटल्यासारखं झालं असतं. बहुधा म्हणूनच वापरलं नाहीस.

वामनरावांनी मला खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"जानराव, ह्या अपिलाले एक चांगलं उत्तर लिहा. काटकसरीचं कारण, सरकारचंच परिपत्रक, विहीर हाये. बस. तुमच्यासारखं मराठी आपल्या कचेरीत कोनाचं नाई."

मी म्हटलं, "साहेब, विहीर आहे तर नत्थुजीला दुपारी का पाठवतो, असं ते विचारतील."

"मंग त्याचंही लिहा. तुमी मार्ग काढतातच."

"आणि रांजण?"

त्यांनी समोरचं अपील मिटलं. वाईट माणूस नाही तो. दुष्काळात स्वतःच्या जिनिंगच्या आवारात त्याने गुरांना चारा वाटला होता. म्हणाले, "पुढच्या महिन्यात दुसरी कपात हाये. कचेरीतले दोन जण जातीन. तुमचं नाव त्याच्यात येऊ नये अशी माही इच्छा हाये. समजलं? पोरीचं लग्न व्हायचं हाये तुमच्या."

शालूचं लग्न फाल्गुनात ठरलं आहे, परतवाड्याला. मुलाकडच्यांना मुलीचा बाप नगरपालिकेत बडा बाबू आहे याचंच अप्रूप.

मी अभिप्राय लिहिला. तुझ्यापासून लपवत नाही. दोन पानं, स्वच्छ, कुठेही न अडखळणारी. 'पाणी पुरवठ्याच्या व्यवस्थेत सुसूत्रता आणण्याच्या हेतूने' असं त्यात आहे. 'जुना रांजण वापरास अयोग्य ठरल्याने' असंही आहे. टेबलाच्या खणात ठेवला आहे. अजून सहीला नेला नाही.

बुधवारी मळ्याकडून परत येताना पांदणीत माणिकबाई भेटली. कापूस वेचून येत होती. डोक्यावर गाठोडं, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी सायकलवरून उतरलो.

"कसं चाललंय?"

"कापूस हाये तंवर हाये. तुमचं पोट बरं हाये ना, बाबूजी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

ती म्हणाली, "नऊ वर्सं पायला तुमचा गडवा. इंदूबाईनं चिंच लावून घासलेला. चमकते. मले राग नोयता. मी म्हनो, सगळ्यायचं एकदम थोडी बदलते, बदलीन हळूहळू. वामनराव नाई पेला तं मले काय? त्यानं कवा म्हनलं, मी तुह्या भावाचा दोस्त हाओ म्हनून? तुमी तं म्हनलं."

"माणिकबाई…"

"ऐका. रांजणावर तुमीच लावून देल्लं मले, हे मी इसरली नाई. पण लावून देनं येगळं न् त्याच्यातलं घोटभर पेनं येगळं. तुमी पेले असते नं, तं ते बाटल्यावाले दोन साल नाई टिकले असते. गावात तुमच्या देवभक्तीचं नाव हाये. तुमचं पाहून लोक करतेत."

एवढं बोलून तिने गाठोडं सावरलं. पुढे जाता जाता थांबून म्हणाली, "न् हे पायजा, मले दया नाई पायजे. डोमाजीनं अकोल्याले ये म्हनलं, मी नाई गेली. नोकरी माही हाये. ते वापस पायजे."

मी हे जसंच्या तसं लिहिलं, कारण ते तुझ्याजवळ असायला हवं. मी काय करणार ते या पत्रात लिहीत नाही. करणार म्हणून मी पुष्कळ लिहिलं, बोललो. नागपूरलाही येणार होतो.

जानराव


तळेगव्हाण,
रविवार, १८ डिसेंबर १९६६

डोमाजी,

झालं ते सांगतो.

सोमवारी वामनरावांनी अभिप्राय मागितला. मी खणातली दोन पानं त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "हे खोटं आहे. माझ्या अक्षरात आहे म्हणून तुम्हाला दाखवलं. दुसऱ्याकडून लिहून घ्या, मी पाठवणार नाही. आणि अपिलात मी माझं म्हणणं वेगळं देणार आहे. तुमच्या मागे देत नाही, सांगून देतो."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत मागे टेकले. "कोनासाठी करून राहिले हे? त्या बाईसाठी?"

"तिने मागितलेलं नाही."

"मंग तुमच्या त्या अकोल्याच्या दोस्तासाठी?"

"तो माझ्याशी बोलत नाही."

"मंग येड लागलं काय तुमाले?" आणि मग, "कपातीच्या यादीत पह्यलं नाव तुमचं राहीन. मी टाकणार नव्हतो, हे ध्यानात ठेवजा."

मी ध्यानात ठेवलं आहे.

घरी इंदूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "शालूच्या सासरी कोन सांगन? तुमी, का मी?" मी म्हटलं, मी सांगेन. "न् कचेरीतून तुमाले काहाडलं, तं मले सीध्या बोलीत सांगजा. तुमचं मराठी समजत नाई कोनाले." रागातच होती. अजून आहे. तिचा राग रास्त आहे. पोरीच्या लग्नाला अडीच महिने उरले असताना बापाने असं करणं कोणत्याच आईला रुचणार नाही. परतवाड्याला पुढच्या रविवारी जातो.

निवेदन लिहायला तीन दिवस लागले. सवय नडत होती. पहिल्या मसुद्यात 'सामाजिक प्रथांचा प्रभाव' आलं. फाडलं. दुसऱ्यात 'काही सभासदांच्या भावना' आलं. तेही फाडलं. शेवटी मी ते असं लिहिलं की माणिकबाईने बोट ठेवून वाचलं तरी दुसरा अर्थ निघू नये. ते असं आहे:

'शाळा नंबर दोनमधील पाणी देणाऱ्या बाईचे पद पैसे वाचवण्यासाठी काढले नाही. ती बौद्ध आहे आणि तिच्या हातचे पाणी काही लोकांना नको होते, म्हणून काढले. नियमाप्रमाणे नत्थुजीची नोकरी जायला हवी होती. ती जाऊ नये म्हणून माणसाऐवजी पद काढण्याची युक्ती मी सुचवली. जुना रांजण चांगला आहे. तो बदलला, कारण तिने तो नऊ वर्षे भरला होता. नव्या रांजणाच्या कागदावर माझी सही आहे. तिच्या हातचे पाणी ज्यांना नको होते त्यांत मी स्वतः आहे. मी नऊ वर्षे घरून पाणी नेले. तिला कामावरून काढल्याचा हुकूम मी अशा भाषेत लिहिला की तिला तो समजला नाही, आणि एक महिना तिने पगाराशिवाय काम केले. हे मला दिसत होते. मी तिला सांगितले नाही.'

यात नत्थुजीचं वाईट होणार, हे मला ठाऊक आहे. तो गरीब आहे, त्याचा यात काही दोष नाही. त्याला मी आधी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "नियम असन तं जाईन बाबूजी. पण मले पह्यलेच काढलं असतं तं कपाशी नाई, ज्वारी तरी पेरली असती कोनाच्या वावरात बटईनं. आता हंगाम गेला." माझी एक चूक दुरुस्त करताना दुसऱ्या माणसाला किंमत पडते आहे. ती चूक पहिल्यांदा केली नसती तर एवढ्या महिन्यांचा फसवा आधार त्यालाही मिळाला नसता.

शुक्रवारी सकाळच्या मोटारीने अमरावतीला गेलो. टपालाने पाठवलं असतं तर चाललं असतं, पण टपाल आमच्याच कचेरीतून जातं आणि माझा माझ्यावर भरवसा नव्हता. कलेक्टर कचेरीत आवक टेबलावर एक तरुण कारकून होता. चष्मा वर करून त्याने कागद उभ्याउभ्याच वाचायला घेतला. वाचता वाचता खाली बसला.

"तुम्हीच जानराव?"

"हो."

"नोकरीत आहात अजून?"

"आज आहे."

त्याने पुन्हा एकदा वाचलं. मग कागद माझ्याकडे वळवून, आवाज खाली करत, 'त्यांत मी स्वतः आहे' या ओळीवर पेन्सिल टेकवली. "काका, अपिलाला याची गरज नाही. बाकीचं पुरेसं आहे. ही ओळ राहिली तर तुमच्यावरच चौकशी बसेल. खोडून टाका, इथेच. मी थांबतो."

चांगला मुलगा होता. माझ्या भल्याचंच सांगत होता. बाहेर व्हरांड्यात तारखांना आलेली माणसं बसली होती, कोणीतरी कोणाला बिडी मागत होतं. मी ती ओळ वाचली. ती सरळ होती, तिच्यात खोडण्यासारखं काही नव्हतं.

"राहू द्या," मी म्हटलं.

त्याने शिक्का मारला, नंबर घातला आणि कागद माणिकबाईच्या अपिलाला टाचून दिला.

जानराव